वापरलेली स्वयंचलित मोटार : गिअरचा बदल आणि इंधनाचा हिशेब

महाराष्ट्रातील मोटार उद्योगाच्या जडणघडणीत पुणे व मुंबई यांच्या बरोबरीने नाशिकचे नाव घ्यावे लागते. सातपूर औद्योगिक वसाहतीतील महिंद्र आणि महिंद्र कंपनीच्या कारखान्यातून २००२ साली 'स्कॉर्पिओ' बाहेर पडली. पुढे २००७ साली 'लोगन', २०१९ साली 'एक्सयूव्ही ३००' आणि २०२० साली नवी 'थार' ही वाहने याच ठिकाणी तयार झाली. इंजिने बनविणारा याच कंपनीचा कारखाना जवळच इगतपुरीला आहे. विशेष म्हणजे यांतील 'एक्सयूव्ही ३००' आणि 'थार' या दोन वाहनांत स्वयंचलित गिअरच्या दोन अगदी भिन्न पद्धती वापरल्या गेल्या. क्लचचे पायडल नसलेली गाडी ही काही वर्षांपूर्वीपर्यंत श्रीमंतांची चैन समजली जात असे. आज अशा गाड्या पाच-सात वर्षे वापरून झाल्यावर जुन्या बाजारात येतात आणि शिक्षक, ग्रामसेवक, लहान व्यापारी, बागायतदार अशी मंडळी त्या विकत घेतात.

अशा ग्राहकाच्या मनात पहिली शंका असते ती इंधनाची. 'ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल फार पिते', असे एक मेकॅनिक सांगतो, तर 'आता तसे काही राहिलेले नाही', असे विकणारा सांगतो. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. परंतु गाडी कोणत्या स्थितीत आहे, हे त्यावरून कळत नाही. वापरलेल्या स्वयंचलित गाडीचा अ‍ॅव्हरेज मुख्यत्वे तिचा गिअर केव्हा बदलतो आणि बदलल्यानंतर इंजिनाची शक्ती न घसरता चाकांपर्यंत पोचते काय, या दोन गोष्टींवर अवलंबून असतो. या दोन्ही गोष्टी पैसे मोजण्यापूर्वी अर्ध्या दिवसात तपासता येतात. ही तपासणी कशी करावी आणि तिच्यामागील शास्त्र काय आहे, याचा विचार या लेखात केला आहे.

गिअर कशासाठी?

सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान मोटारीला हवेचा व टायरांचा विरोध मोडून काढण्यासाठी अवघी पाच-सहा अश्वशक्ती पुरते. इंजिन मात्र सत्तर-ऐंशी अश्वशक्तीचे असते. ही थोडीशी शक्ती इंजिनाने मिनिटाला ३,००० फेरे फिरून दिली काय किंवा १,९०० फेरे फिरून दिली काय, गाडीच्या दृष्टीने फरक पडत नाही. इंधनाच्या दृष्टीने मात्र फार फरक पडतो. फेरे वाढले की पिस्टन, बेअरिंग व तेलाचा पंप यांच्या घर्षणात जाणारी शक्ती वाढते. शिवाय पेट्रोल इंजिनात हवेची वाट अर्धवट बंद ठेवावी लागते आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यातही श्रम वाया जातात. म्हणून वरचा गिअर लवकर पडणे आणि इंजिन कमी फेऱ्यांवर, पण गुदमरू न देता, कामाला लावणे हे काटकसरीचे मूळ सूत्र होय.

साध्या गाडीत हे काम चालकाचा हात करतो. स्वयंचलित गाडीत ते काम एक लहान संगणक करतो. गाडीचा वेग, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, इंजिनाचे व गिअरच्या तेलाचे तापमान यांची माहिती त्याला सतत मिळत असते. या माहितीत चूक झाली किंवा त्याचा हुकूम पाळणारी यंत्रणा झिजली, की गिअर उशिरा पडू लागतो.

चार पद्धती

जुन्या बाजारात येणाऱ्या स्वयंचलित गाड्यांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन व गिअर यांच्यामध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेले एक भांडे असते. इंजिनाकडील पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने गिअरकडील पंखा फिरतो. दोन्ही पंख्यांच्या वेगात जो फरक राहतो, त्यात इंधन उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जुन्या तीन किंवा चार गिअरच्या गाड्यांवर 'पेट्रोल पिणारी' असा जो शिक्का बसला, त्याचे एक मोठे कारण हेच. ही घसरण थांबविण्यासाठी नंतर 'लॉक-अप' क्लच आला. एका विशिष्ट वेगानंतर तो दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो आणि घसरण जवळजवळ शून्यावर येते. नाशिकला तयार होणाऱ्या 'थार'मध्ये सहा गिअरची ही पद्धत आहे.

दुसरा प्रकार ए.एम.टी. म्हणून ओळखला जातो. यात नेहमीचीच गिअरपेटी व नेहमीचाच क्लच असतो. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. भारतात ही पद्धत मारुती कंपनीच्या 'सेलेरिओ' गाडीने फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रथम आणली. त्या वेळी हाताने गिअर टाकण्याच्या व स्वयंचलित अशा दोन्ही नमुन्यांना लिटरला २३.१ किलोमीटर हा एकच आकडा जाहीर झाला होता. स्वयंचलित गाडी अधिक इंधन घेतलीच पाहिजे, हा समज तेथेच मागे पडला. 'एक्सयूव्ही ३००'मध्ये हीच पद्धत होती.

तिसरा प्रकार सी.व्ही.टी. होय. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुल्यांवरील पट्टा वरखाली सरकतो आणि गुणोत्तर सलग बदलत जाते. चौथा प्रकार दुहेरी क्लचचा. यात पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असतो व बदल क्षणार्धात होतो. मात्र त्याचा कोरडा क्लच वाहतुकीच्या कोंडीत तापतो.

जुनेपणामुळे काय बिघडते?

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे गिअरचे तेल. हे तेल वंगणाचे काम करते, उष्णता वाहून नेते आणि त्याच्याच दाबावर आतील क्लचपट्ट्या आवळल्या जातात. तेल जुने होऊन काळे पडले, त्याला करपट वास येऊ लागला, की पट्ट्या नीट आवळल्या जात नाहीत. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी पुढे ओढत नाही. त्या क्षणी जळलेले इंधन गाडीला पुढे नेत नाही. ते तेल तापविण्यात खर्ची पडते आणि तापलेले तेल आणखी लवकर खराब होते. हे दुष्टचक्र वेळीच थांबविणे काही हजार रुपयांचे काम असते. ते लांबले तर संपूर्ण गिअरपेटी उघडावी लागते.

ए.एम.टी. गाडीत झीज होते ती क्लचप्लेटची. चढावर ब्रेक न लावता केवळ अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे आणि कोंडीत इंच-इंच पुढे सरकणे, या दोन सवयींनी प्लेट लवकर घासते. घासलेल्या प्लेटला क्लच कोठे पकडतो, हे संगणकाला नव्याने शिकवावे लागते. हे काम कार्यशाळेत स्कॅनर जोडून केले जाते. सी.व्ही.टी.मध्ये तेल जुने झाल्यास पट्टा घसरतो किंवा गाडी सुटताना थरथरते.

काही वेळा दोष गिअरमध्ये नसतोच. इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडाच अडकून राहिला तर इंजिन पुरेसे तापत नाही. संगणक समजतो की इंजिन अजून थंड आहे. म्हणून तो वरचा गिअर उशिरा टाकतो आणि लॉक-अप रोखून धरतो. निफाडच्या थंडीत सकाळी पहिली काही मिनिटे असे घडणे स्वाभाविक आहे. परंतु दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावरही तापमान वर येत नसेल, तर स्वस्तातला एक सुटा भाग बदलून मोठा अपव्यय टळू शकतो. त्याहूनही सोपी गोष्ट म्हणजे जुन्या चार गिअरच्या गाड्यांतील 'ओ.डी.'चे बटण. ते चुकून दाबले गेले असेल तर समोर 'ओ.डी. ऑफ' असा दिवा लागतो व सर्वांत वरचा गिअर पडतच नाही. अशा वेळी अ‍ॅव्हरेज सुधारण्याचा खर्च शून्य असतो.

प्रमाणपत्रातील आकडा आणि रस्त्यावरील आकडा

विकणारा बहुधा कंपनीने जाहीर केलेला आकडा सांगतो. हा आकडा पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या अधिकृत संस्थेत मोजलेला असतो. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. चाचणीत गाडी रोलरवर चालविली जाते. 'सुधारित भारतीय चालन चक्र' या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी सुमारे वीस मिनिटांची असून तिच्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. तेथे घाट नसतो, समोरून येणारा वारा नसतो, खड्डे नसतात. दोन नव्या गाड्यांची तुलना करण्यासाठी हा आकडा उपयोगी आहे. सात वर्षे वापरलेल्या एका विशिष्ट गाडीचे आरोग्य त्यावरून कळत नाही.

आणखी एक बाब ध्यानात ठेवली पाहिजे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २ कोटी १० लाख. म्हणजे मिश्रणात लिटरमागे सुमारे ३ कोटी ज्यूल, शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के कमी ऊर्जा येते. जुन्या गाडीचा अ‍ॅव्हरेज तितक्या प्रमाणात घटलेला दिसला, तर त्याचा ठपका गिअरवर ठेवणे योग्य होणार नाही.

कसारा घाटाचे गणित

नाशिककरांना मुंबईहून परतताना कसारा घाट चढावा लागतो. लोहमार्ग १८६५ साली इगतपुरीला पोचला, तेव्हा अभियंत्यांनी हा चढ १ : ३७ इतक्या तीव्र उताराने पार केला होता. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची साधारणतः ३०० मीटर आहे. माणसांसह १,२०० किलोग्रॅम वजनाची गाडी तितकी वर नेण्यास लागणारी ऊर्जा शाळेतील सूत्रानेच काढता येते : १,२०० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ३५ लाख ज्यूल. इंजिन इंधनातील ऊर्जेच्या सुमारे चौथ्या हिश्श्याचे कामात रूपांतर करते असे धरले, तर लिटरमागे ७५ लाख ज्यूल मिळतात. म्हणजे केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ४७० मिलिलिटर पेट्रोल लागेल.

हा खर्च कोणत्याही गिअरला चुकत नाही. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तेथील बोगद्यांमुळे वळणे व ब्रेक टळले, पण समुद्रसपाटीपासूनची उंची तीच राहिली. फरक पडतो तो पुढे. गिअरपेटीतून शंभरातील नव्वद भाग शक्ती चाकांपर्यंत पोचत असेल तर या चढाला सुमारे ५२० मिलिलिटर लागतील. घसरणीमुळे ऐंशीच भाग पोचत असतील तर सुमारे ५८५. केवळ घाटातील चढाचा हा फरक ६५ मिलिलिटरचा आहे. पण तेवढ्या इंधनाची बरीचशी उष्णता गिअरच्या तेलात शिरते, आणि खरे नुकसान तेथे होते. घाटात नेहमी चालणाऱ्या गाडीचे तेल माहितीपुस्तिकेतील 'कठीण वापर' या सदराखाली दिलेल्या कमी मुदतीत बदलावे, असे म्हणतात ते यासाठीच.

उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची जुनी सवय मात्र सोडून दिली पाहिजे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. शिवाय इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो. उतारावर खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुतेक स्वयंचलित गाड्यांत असते. तिचा उपयोग करावा.

खरेदीपूर्वी अर्धा दिवस

गाडी पाहावयास शक्यतो सकाळी जावे आणि इंजिन थंड असतानाच सुरू करण्यास सांगावे. तेथून पुढे तपासणीचा क्रम असा ठेवता येईल.

१. गिअरच्या दांड्यावर पी, आर, एन, डी ही स्थाने ब्रेक दाबून क्रमाने घ्यावीत. गिअर लागण्यास दोन-तीन सेकंद लागत असतील किंवा जोराचा धक्का बसत असेल, तर तेलाचा दाब अथवा क्लच संशयास्पद समजावा.

२. मुंबई नाक्याहून पाथर्डी फाटा, विल्होळीकडे जाणाऱ्या महामार्गावर गाडी हलक्या पायाने चालवावी. इंजिन तापल्यानंतर सपाट रस्त्यावर पाच-सहा गिअरच्या गाडीत ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या आसपास वरचा गिअर पडलेला असावा आणि फेरे २,००० च्या जवळपास उतरलेले दिसावेत.

३. वरच्या गिअरमध्ये ६० आणि ८० या दोन वेगांना इंजिनाचे फेरे टिपून घ्यावेत. गिअर तोच असेल व घसरण नसेल, तर फेरे वेगाच्या समप्रमाणात वाढतात. ६० ला १,८०० असतील तर ८० ला २,४०० असावेत. याहून बरेच अधिक असतील, किंवा वेग न वाढता फेरे दोन-तीनशेने उसळत असतील, तर लॉक-अप बसत नाही किंवा क्लच घसरत आहे. सी.व्ही.टी.ला मात्र हा नियम लागू नाही. चालकाने रस्त्याकडेच लक्ष द्यावे. आकडे शेजारी बसणाऱ्याने लिहावेत.

४. २०१३ नंतरच्या गाड्यांत ओ.बी.डी.चे खाचेदार जोडस्थान असते. मेकॅनिककडून स्कॅनर लावून गिअरच्या संगणकातील नोंदी व तेलाचे तापमान पाहावे.

५. टायरांचा आकार मूळचाच आहे काय, हे ताडून पाहावे. टायरचा घेर तीन टक्क्यांनी मोठा असेल तर शंभर किलोमीटर जाऊन गाडी सत्त्याण्णवच दाखविते आणि अ‍ॅव्हरेज उगाचच कमी भासतो. कमी हवा व चिकटून राहणारे ब्रेक यांचीही पाहणी करावी.

६. देखभालीच्या नोंदवहीत गिअरचे तेल कधी व कोणते घातले, याची नोंद शोधावी. टॉर्क कन्व्हर्टर, सी.व्ही.टी. व ए.एम.टी. यांची तेले वेगवेगळी असतात. एकाचे तेल दुसऱ्यास चालत नाही.

नोंदणी पुस्तकावरून गाडीचे वय, इंधनाचा प्रकार व नोंदणीची मुदत समजते. गिअरची अवस्था समजण्यास वरील चाचणीवाचून गत्यंतर नाही.

चालकाचा पाय

गाडी निर्दोष असली तरी अ‍ॅव्हरेज अखेर चालकाच्या पायाखाली असतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की संगणक 'तातडी आहे' असे समजून एक-दोन गिअर खाली येतो. ओलांडून जाताना हे आवश्यक असते, परंतु सिग्नल सुटताच प्रत्येक वेळी असे करण्यात इंधन जाते. इच्छित वेगाला पोचल्यावर पाय किंचित सैल केला की बहुतेक गाड्या लगेच वरचा गिअर टाकतात. ए.एम.टी.मध्ये असे केल्याने गिअर बदलतानाचा झटकाही कमी होतो. 'स्पोर्ट' ही व्यवस्था गिअर मुद्दाम उशिरा बदलते. रोजच्या प्रवासात तिची गरज नाही. थांबलेल्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर इंधन घेते. द्वारका चौकातील कोंडीत त्याचा प्रत्यय येतो.

हिशेब ठेवण्याची सवय

अ‍ॅव्हरेज मोजण्याची भरवशाची रीत जुनीच आहे. टाकी पूर्ण भरावी, किमान ३०० किलोमीटर गाडी चालवावी आणि त्याच पंपावर, त्याच यंत्रावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत पुन्हा भरावी. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागले की उत्तर मिळते. एका मोजणीवर विसंबू नये. तीन मोजण्यांची सरासरी घ्यावी. शासकीय वाहनाच्या लॉगबुकात ही नोंद नियमाने होतेच. तिच्यावरून दर तीन महिन्यांनी सरासरी काढली तर बिघाडाची चाहूल मेकॅनिकच्या आधी कार्यालयास लागेल. विज्ञान व गणिताच्या शिक्षकांना समप्रमाण, कार्य आणि ऊर्जा हे धडे शिकविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

या हिशेबात किती रक्कम गुंतलेली आहे, तेही पाहू. नाशिकहून सिन्नरला रोज जाऊन येणारा शिक्षक महिन्याला सुमारे १,३०० किलोमीटर, म्हणजे शाळेच्या दहा महिन्यांत १३,००० किलोमीटर प्रवास करतो. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी ७२२ लिटर पेट्रोल घेईल. १५ देणारी ८६७ लिटर. फरक १४५ लिटरचा. लिटरला १०० रुपये धरले तरी वर्षाला सुमारे साडेचौदा हजार आणि पाच वर्षांत सत्तर हजारांहून अधिक. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. सौदा करताना पाच-दहा हजारांसाठी तासभर घासाघीस होते. मात्र पुढील पाच वर्षांचा इंधनखर्च ठरविणारा गिअर पाहण्यास दहा मिनिटेही दिली जात नाहीत.

क्लचचे पायडल नसणे ही सोय आहे. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या ज्येष्ठांना आणि एका पायाने अधू असलेल्या कित्येकांना तिने स्वतः गाडी चालविण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. या सोयीची किंमत पेट्रोलच्या रूपाने मोजावी लागेलच असे नाही. तेल वेळेवर बदललेली, गिअर योग्य वेळी टाकणारी आणि हलक्या पायाने चालविलेली वापरलेली स्वयंचलित गाडी हाताच्या गिअरच्या गाडीच्या जवळपास अ‍ॅव्हरेज देऊ शकते. त्यासाठी ग्राहकाने रंग, गाद्या व किलोमीटरचा आकडा यांबरोबर फेऱ्यांच्या काट्याकडेही पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.